ॲमीटरचा काटा थरथरतो, तेच तर तपासायचंय

वाचकाचं पत्र:

“वडिलांची 1959 सालची ब्रिटिश बनावटीची 350 सीसी मोटरसायकल नऊ वर्षं शेडमध्ये उभी होती. एका सिलिंडरची, चार स्ट्रोकची, 6 व्होल्टची, पॉइंट आणि कॉइलवर चालणारी. गेले दोन महिने तिच्या मागे लागलोय. नवी बॅटरी, नवा प्लग, ताजं पेट्रोल, सगळं झालं. प्लग बाहेर काढून किक मारली की ठिणगी दिसते, जराशी पिवळसर. किकवर उभा राहिलो तर ती माझं वजन तोलून धरते. पंधरा-वीस किकनंतर प्लग ओला निघतो. दोनदा कार्ब्युरेटरमधून फटाक्यासारखा आवाज आला, आणि एकदा किकने असा उलटा झटका दिला की चार दिवस लंगडत होतो. ॲमीटरचा काटा किक मारताना जेमतेम थरथरतो, तोही बिघडला असावा. मेकॅनिक म्हणतात, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा आणि कार्ब्युरेटर नवा घ्या. वडील पंचाहत्तरीचे आहेत, त्यांना न सांगता गाडी चालू करून दाखवायची आहे. काय करू?”

उत्तर:

सगळ्यात आधी, किक मारणं थांबवा. उलटा झटका बसलेल्या गाडीला कारण सापडेपर्यंत पुन्हा किक मारायची नाही. या गाड्यांनी लोकांचे घोटे मोडले आहेत, आणि पुढची सगळी तपासणी किक न मारता किंवा प्लग बाहेर काढून करता येते. प्लग बाहेर असला की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा जोर, नसतं, त्यामुळे झटक्याची भीतीही नसते.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: काटा जेमतेम थरथरतो. मला वाटतं काटा बिघडलेला नाही. गाडीत नेमकं काय चुकतंय तेच तो दाखवतोय.

बॅटरीतून निघालेला करंट तो मोजणाऱ्या ॲमीटरमधून कॉइलमध्ये जातो (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवते ती), कॉइलमधून पॉइंटवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमने उघडझाप होणाऱ्या स्विचवर येतो आणि पॉइंट मिटलेले असतील तर फ्रेममधून परत बॅटरीला मिळतो. 6 व्होल्टच्या कॉइलचा आतला रोध साधारण दीड ते दोन ओहम असतो. म्हणजे पॉइंट मिटलेले असताना तीन-चार अँपिअर वाहिले पाहिजेत आणि काटा तेवढा डिस्चार्जच्या बाजूला पडला पाहिजे. पॉइंट उघडले की काटा शून्यावर परत. चावी लावून किक हाताने सावकाश दाबली तर काटा स्पष्ट पडताना आणि उठताना दिसतो. तुमचा काटा नुसता थरथरतोय, म्हणजे कॉइलला पोटभर करंट मिळत नाहीये. पिवळसर ठिणगी त्याचाच परिणाम असणार.

काट्याबद्दल शंका असेल तर हेडलाइट लावून बघा. 30 वॅटचा दिवा 6 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो. काटा 5 च्या आसपास पडला तर मीटर ठणठणीत आहे. आणि हे करताना काटा कुठल्या बाजूला जातो तेही नीट बघा. दिवा लावल्यावर तो चार्जच्या बाजूला गेला, तर बॅटरी उलटी जोडली गेली आहे. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव फ्रेमला जोडलेला असायचा आणि ऋण ध्रुव वायरिंगला, आजच्या सवयीच्या बरोबर उलट. नवी बॅटरी बसवताना ही चूक अगदी सहज होते. उलट्या जोडणीतही ठिणगी पडते, पण दुबळी. शिवाय गाडीला रेक्टिफायर (एसी करंटचा डीसी करणारा भाग) असेल तर तो जळू शकतो. तेव्हा वायरिंगचा नकाशा मिळवा आणि फ्रेमला कुठलं टोक जातं ते आधी पक्कं करा.

जोडणी बरोबर निघाली तर पॉइंटचं झाकण उघडा. माझा अंदाज विचाराल तर दोष इथेच आहे. पॉइंटच्या टिकल्या टंगस्टनच्या असतात. नऊ वर्षं दमट हवेत त्या एकमेकींना टेकून किंवा उघड्या राहिल्या की त्यांच्यावर राखाडी-निळसर साय धरते. भिंगातून बघितलं तरी ती घाणीसारखी वाटत नाही, धातूचाच रंग वाटतो, म्हणून लोक फसतात. पण वीज तिच्यातून धड जात नाही.

बारीक पॉइंट फाइल किंवा 600 नंबरचा पॉलिश पेपर दुहेरी घडी करून दोन्ही टिकल्यांमधून हलक्या हाताने फिरवा, चकाकी येईपर्यंत. खड्डे पूर्ण घालवायचा हट्ट धरू नका. बहुतेक जण इथेच थांबतात आणि मग म्हणतात की पॉइंट साफ करूनही काही फरक पडला नाही. पेपरचे सूक्ष्म कण टिकल्यांवर चिकटून राहिलेले असतात, बोटांचा तेलकटपणा असतो, तो काढायलाच हवा. व्हिजिटिंग कार्डासारख्या कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवा, मिटलेल्या पॉइंटमध्ये धरा आणि ओढून काढा. पट्टीवर काळी रेघ उमटेल. नवी पट्टी घ्या, पुन्हा ओढा. रेघ उमटायची थांबेपर्यंत हे करत राहा. मला एका गाडीत सात पट्ट्या लागल्या होत्या.

मग गॅप, म्हणजे उघडलेल्या पॉइंटमधली फट. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणा, म्हणजे पॉइंट जास्तीत जास्त उघडतील, आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पाती, लावा. या गाड्यांना साधारण 0.35 ते 0.40 मिलिमीटर लागतो. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. फीलर गेजची पाती तेल लावून ठेवलेली असतात. ती पुसून मगच पॉइंटमध्ये घाला, नाहीतर एवढी मेहनत करून साफ केलेल्या टिकल्यांवर तुम्हीच तेल फासाल.

आता परीक्षा. चावी लावा, पॉइंट मिटलेले ठेवा, मल्टिमीटर व्होल्टवर घ्या. एक टोक हलत्या पॉइंटच्या वायरला, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूला. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. 0.2 व्होल्टच्या वर गेला तर पॉइंट अजून घाण आहेत किंवा त्यांच्या पाटाचं अर्थिंग कच्चं आहे. आकडा शून्याजवळ आला पण काटा तरीही पुरेसा पडत नसेल, तर करंट कॉइलच्या आधीच कुठेतरी अडतोय. चावीच्या आतले गंजलेले संपर्क, फ्यूजची क्लिप, बॅटरीच्या अर्थ वायरचं रंगावर बसवलेलं टोक, हे नेहमीचे संशयित. बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून थेट कॉइलपर्यंत थोडा वेळ एक वायर लावून बघा. ही वायर ॲमीटरला वळसा घालते म्हणून काटा कदाचित काही दाखवणार नाही, पण ठिणगी एकदम जोरदार झाली तर चावी किंवा वायरिंग दोषी. 6 व्होल्टच्या गाडीत वाटेत सांडायला व्होल्ट नसतात. इथे अर्धा व्होल्ट गळणं म्हणजे 12 व्होल्टच्या गाडीत पूर्ण एक व्होल्ट गळल्यासारखं आहे.

आता त्या ठिणगीविषयी, कारण तुमचे दोन महिने तिच्यावर विश्वास ठेवण्यात गेलेत. प्लग बाहेर काढून दिसलेली ठिणगी ही मोकळ्या हवेतली ठिणगी असते. सिलिंडरच्या आत तीच फट दाबलेल्या मिश्रणाने भरलेली असते, आणि दाब वाढला की ठिणगी उडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. बाहेर उडणारी दुबळी ठिणगी आत उडेलच असं नाही. म्हणून प्लगची ठिणगी बघण्यापेक्षा प्लगची टोपी काढून जाड वायरचं टोक इंजिनाच्या धातूपासून 5-6 मिलिमीटरवर ठेवा आणि बघा. ते कोरड्या लाकडाच्या चिमट्यात धरा, हातात नको. एवढं अंतर ठिणगीने निळ्या रंगात, टक् असा आवाज करत पार केलं तर ती आतही उडेल. मात्र फट याहून मोठी ठेवू नका आणि वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, कॉइलचं आतलं इन्सुलेशन फुटतं. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तेव्हा हा प्रयोग भोकापासून लांब करा. आधी पेट्रोलचा कॉक बंद करा, शेडचं दार उघडं ठेवा.

पॉइंट साफ होऊन काटा नीट पडायला लागला आणि तरीही ठिणगी पिवळीच राहिली, तर कंडेन्सर. या छोट्या डबीबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण तिच्यामुळे सगळ्यात जास्त चांगल्या कॉइल फेकल्या जातात. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला करंट थांबायला तयार नसतो. तो उघडणाऱ्या फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर त्या क्षणी तो करंट स्वतःत घेतो. त्यामुळे कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि त्या झटक्यातूनच प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. चार्ल्स केटरिंगची ही रचना 1910 च्या कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढची कित्येक दशकं जगभरची इंजिनं तिच्यावर चालली. कंडेन्सर निकामी झाला की क्षेत्र हळूहळू विरतं, प्लगला नुसते उरलेसुरले व्होल्ट मिळतात, आणि पॉइंटमध्येच मोठी चमक दिसते.

ती चमक बघण्यासाठी शेडमध्ये अंधार करा, प्लग काढून फ्रेमला टेकवा, आणि कुणाला तरी किक फिरवायला सांगून पॉइंटकडे बघा. सुईच्या टोकाएवढी बारीक चमक चालते. पण दर वेळी पांढरी-निळी, ठसठशीत चमक दिसत असेल आणि टिकल्या काळवंडत असतील तर कंडेन्सर गेला. सुमारे 0.2 मायक्रोफॅरडचा दुसरा कंडेन्सर घ्या, जुन्याची वायर सोडवा, नव्याची वायर हलत्या पॉइंटच्या टोकाला आणि डबी इंजिनाला टेकवून तात्पुरता जोडा. जुना जागेवरून काढायचीही गरज नाही. एक मात्र सांभाळा. वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिलेला “नवा” कंडेन्सर नवा नसतो. आतला कागद दमट होऊन तोही मेलेला असतो. माझ्या एका गाडीवर मी असाच एक बसवला, ठिणगी सुधारली नाही म्हणून कंडेन्सरवरचा संशय सोडून दिला आणि तीन आठवडे कार्ब्युरेटर उघडत बसलो. नव्या दमाचा, अलीकडे बनलेला दुसरा लावला तेव्हा गाडी तिसऱ्या किकला लागली.

प्लगच्या टोपीतला रेझिस्टरही जुना झाला की तुटतो. टोपी पेचासारखी फिरवून काढा, वायरचं टोक पाच मिलिमीटर कापून ताजा तांबा उघडा करा, नवी टोपी फिरवून बसवा. हे दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका.

आता उलट्या झटक्याकडे या. पिस्टन वर येत असताना ठिणगी फार आधी पडली की स्फोट पिस्टनला उलट ढकलतो आणि तो झटका तुमच्या पायाला लागतो. तुमच्या गाडीत पॉइंटच्या कॅमखाली स्वयंचलित ॲडव्हान्स असणार: दोन वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा. इंजिन वेगात आलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पडते. वेग कमी झाला की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. नऊ वर्षांत तिथलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि वजनं बाहेरच अडकून बसतात. मग किक मारताना, इंजिन मुंगीच्या गतीने फिरत असताना, ठिणगी भर वेगातल्या टायमिंगवर पडते. कॅम बोटांनी धरून त्याच्या फिरण्याच्या दिशेने वळवा आणि सोडा. तो चटकन परत यायला हवा. सुस्तपणे आला किंवा आलाच नाही, तर तुमच्या लंगडण्याचं कारण सापडलं. सगळं सुटं करून रॉकेलने धुवा, खिळींवर तेलाचा एकेक थेंब सोडा, पुन्हा तपासा. मगच टायमिंग मॅन्युअलप्रमाणे लावा. पॉइंट नेमके कधी उघडतात हे बघायला तोच ॲमीटर वापरा: काटा शून्याकडे उडतो तो क्षण. कार्ब्युरेटरमधला फटाकाही बहुधा याच चुकीच्या वेळच्या ठिणगीचा आहे.

कॉम्प्रेशनबद्दल तुमचं निरीक्षण पुरेसं आहे. किक वजन तोलते, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रिंगा गाडी सुरू होण्याइतपत बसतायत.

कार्ब्युरेटर नवा घ्यायचं कारण मला पत्रात दिसत नाही. प्लग ओला निघतोय म्हणजे पेट्रोल आत पोचतंय, आणि पेटत नसल्यामुळे साचतंय. जुना मात्र एकदा उघडाच. पूर्वीचं पेट्रोल वाळून त्याचा डिंक झालेला असतो आणि तो सगळ्यात आधी पायलट जेट, म्हणजे कमी वेगात पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी, बंद करतो, कारण त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. जेट काढून उजेडाकडे धरा. स्वच्छ गोल ठिपका दिसायला हवा. अर्धा चंद्र दिसला तर अजून घाण आहे. स्टीलची तार घालू नका, पितळ ओरखडतं आणि भोक कायमचं मोठं होतं. नायलॉनचा धागा किंवा वायरमधली तांब्याची एक तार पुरते. कार्ब्युरेटर जिथे हेडला बसतो ती पट्टी काचेवर ठेवून बघा, डुगडुगली तर ती वाकलीय आणि तिथून हवा आत ओढली जातेय. टाकीत गंज असेल तर ताजं पेट्रोलही खाली येईपर्यंत ताजं राहत नाही, तेव्हा कॉकची जाळी काढून तीही बघा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या बदला.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा विरोध नाही. चालू गाडीवर ते छान काम करतं. पण आजारी गाडीवर बसवलं तर चावीतला गंज, कच्चं अर्थिंग, उलटी बॅटरी हे दोष तसेच राहतात आणि दोष शोधण्याचं तुमचं साधन, म्हणजे तो काटा, मुका होतो. शिवाय बरीचशी इलेक्ट्रॉनिक युनिटं दमलेल्या 6 व्होल्टच्या बॅटरीवर हट्टीपणा करतात. आधी ही गाडी जशी बनली तशी चालू करा, मग ठरवा.

आणखी एक गोष्ट किकच्या आधी बघायचीच. या गाड्यांत तेलाची टाकी वेगळी असेल तर उभ्या गाडीत तेल पंपातून झिरपत झिरपत खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या खोक्यात, उतरतं. टाकीतली पातळी खूप खाली गेली असेल तर तळाचा बोल्ट काढून ते तेल भांड्यात घ्या, आणि टाकीत नवं तेल भरा. भरलेल्या क्रँककेसवर किक मारणं म्हणजे चिखलात पाय मारणं.

हे सगळं झालं की नवा, कोरडा प्लग, फट 0.5 ते 0.6 मिलिमीटर. जाड तळाचे बूट घाला, गुडघा ताठ ठेवू नका. कॉक उघडा, टिकलर, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणारी कळ, दाबून पेट्रोलचा पहिला थेंब बाहेर येईपर्यंत धरा, त्याहून जास्त नाही. चावी लावा. किक हलकेच दाबत न्या, ती एका जागी अडेल. काटा शून्यावर आला की पॉइंट उघडलेत हे कळतं. डीकॉम्प्रेसर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका, ओढून किक अगदी बोटभर पुढे सरकवा, डीकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या. आता पिस्टन अडसराच्या पलीकडे आहे आणि पुढचं कॉम्प्रेशन येईपर्यंत क्रँकला जवळजवळ दोन पूर्ण फेऱ्यांची मोकळीक आहे. फ्लायव्हील तेवढ्यात वेग घेतं. ॲक्सिलरेटर किंचित उघडा, आणि एकच लांब, पूर्ण किक, खालपर्यंत. जोरापेक्षा लांबी महत्त्वाची आहे. चार-पाच किकमध्ये लागली नाही आणि प्लग पुन्हा ओला झाला, तर कॉक बंद करा, चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, डीकॉम्प्रेसर ओढून सात-आठ वेळा किक फिरवा, म्हणजे साचलेलं पेट्रोल बाहेर जाईल.

इथे एक मनापासून सांगतो. वडिलांना न सांगता करायचा बेत सोडा. टिकलर किती दाबायचा, थंडीत चोक किती, ॲक्सिलरेटर कुठे धरायचा, प्रत्येक गाडीचं हे गणित वेगळं असतं, आणि या गाडीचं ते फक्त त्यांना माहीत आहे. ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळणार नाही. पॉइंटच्या पट्ट्या ओढायला त्यांना शेजारी बसवा. त्यांना किक मारायला लावू नका, पण काट्याकडे लक्ष ठेवायचं काम द्या आणि तो शून्यावर आला की “आता” म्हणायला सांगा.

गाडी लागल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात तेलाच्या टाकीचं झाकण उघडून परतीच्या नळीतून तेल येतंय का बघा. येत नसेल तर लगेच बंद करा. शेडचं दार उघडं हवंच, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. पहिल्यांदा दोन-चार मिनिटांच्या वर उभ्या-उभ्या चालू ठेवू नका, आणि बंद करताना पेट्रोलचा कॉकही बंद करा.

पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी नक्की कळवा: हेडलाइट लावल्यावर काटा कुठल्या बाजूला गेला, पॉइंट साफ केल्यावर किती अँपिअर पडला, आणि कॅम सोडल्यावर तो परत आला का.